सकाळचा नियम

कोचकोर, ९ नोव्हेंबर

बुरुल,

बाबांना विस्मरणाचा आजार नाही. बिश्केकच्या डॉक्टर चोल्पोन यांनी मंगळवारी रिसबेकला आणि मला समोर बसवून हे सांगितलं, आणि काल फोन करून पुन्हा पक्कं केलं. गाठ नाही, गुठळी नाही, झटका येऊन गेल्याची खूण नाही. जे आहे ते वय आहे.

बातमी आधी लिहायची, ही जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातल्या नोकरीने लावलेली सवय. शिवाय तुझा भाऊ म्हणाला, "ती पहिली ओळ वाचेल आणि पत्र चुलीत घालेल." म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच ओळीत घातलं. तू अजून वाचत असशील तर बरं. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जेनिश बटाटे घेऊन तुमच्या तलासला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय.

तपासणी आजारपणाची नव्हतीच. डॉक्टर चोल्पोन निरोगी म्हाताऱ्यांचा अभ्यास करतात. डोक्याला एका कामावरून दुसऱ्या कामावर उडी मारायला लावायची आणि तेव्हा मेंदूचा कुठला भाग किती राबतो ते यंत्रात बघायचं. तरुणांचं आणि म्हाताऱ्यांचं शेजारी ठेवून. त्यांची आई माझ्या वर्गातली. तिने विचारलं, तुझे सासरे येतील का? मला वाटलं, नाही म्हणतील. तर म्हणाले, "पोरांशी शर्यत आहे? मग चला." रिसबेकलाही त्यांनी घेतलं, पण तरुणांत नाही, मधल्या गटात. त्यावरून तो दिवसभर गाल फुगवून होता.

दारातच फजिती झाली. नर्सने मला विचारलं, "पेशंटचं नाव?" आता सासऱ्यांचं नाव मी कशी घेणार? मी गप्प. तिने पुन्हा विचारलं, हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं, "ताई, यांचं नाव आठवतंय का तुम्हाला?" रिसबेक गाडी लावायला गेलेला. शेवटी बाबाच म्हणाले, "तोक्तोसुन. ती सांगणार नाही. तिचं डोकं ठीक आहे, माझं बघा."

आत त्यांना आडवं करून यंत्रात सरकवलं. हातात दोन बटणं. डोळ्यांसमोर पडद्यावर चित्र: कधी घोडा, कधी मेंढी, कधी तांबडी, कधी निळी. वर चांदणी दिसली तर रंग बघून बटण दाबायचं, चंद्र दिसला तर जनावर बघून. चांदणी बराच वेळ राहते, आणि मग मध्येच चंद्र येतो. बाबांनी आधीच विचारून घेतलं, "निळी मेंढी कुणाची? कानाला खूण काय?" चोल्पोन हसल्या. "सरकारी आहे, आजोबा." "मग हरवलेलीच समजा."

नंतर त्यांनी चित्रं दाखवली. बुरुल, मी जसं समजले तसं लिहिते. नियम तोच राहिला की रिसबेकच्या मेंदूचा पुढचा भाग जवळजवळ शांत, आणि चांदणी जाऊन चंद्र आला की तिथे उजेड पडतो. बाबांचं तसं नाही. त्यांच्या चित्रात नियम बदलला नसतानाही उजेड आहे, आणि दोन्ही बाजूंना आहे. रिसबेकला जे बसल्या बसल्या जमतं त्यासाठी बाबा पूर्ण जोर लावतायत. त्यामुळे नियम बदलतो तेव्हा वर लावायला जोर फारसा उरत नाही. उत्तरं त्यांची बहुतेक बरोबर आली. चुकली ती बदलानंतरची पहिली.

बाबा चित्राकडे खूप वेळ बघत होते. "म्हणजे मी सपाटीवरच घोडा दौडवतोय."

"तसंच म्हणा," चोल्पोन म्हणाल्या. "या वयात पुष्कळांचं असं होतं. हा आजार नव्हे."

"आणि खिंड आली की?"

"थोडा वेळ लागतो. वेळ मिळाला तर वर चढता. घाई झाली तर घोडा मघाच्याच वाटेने जातो."

मग त्यांनी विचारलं, "समजा सकाळी एक नियम आहे आणि संध्याकाळी दुसरा. माणसं तीच, ताट तेच."

चोल्पोनना काय ठाऊक. त्या म्हणाल्या, "ते तर सगळ्यांत अवघड. वेगळं काही दिसतच नाही ना, डोक्याला आठवण करून द्यायला."

मला मात्र कळलं ते कुठल्या संध्याकाळबद्दल बोलतायत. तुलाही कळलं असेल.

तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस, ताट तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. मी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालत होते. सकाळी थोरल्या काकांच्या वर्षाचं जेवण झालं होतं. मरणाचं जेवण म्हणजे वयाचा मान. पाहुणा असो, घरचा असो, ज्याचे केस जास्त पांढरे त्याला मोठं हाड. बाबांनी तसंच वाटलं, आणि कुणी ब्र काढला नाही. तुझे सासू-सासरे त्याच जेवणाला तलासहून आले होते, म्हणून संध्याकाळी लगेच त्यांचं व्याही म्हणून पहिलं जेवण ठेवलं. दुसरी मेंढी कापली. व्याह्यांच्या जेवणात वय मागे आणि व्याही पुढे. कमरेचं हाड, जाम्बाश, शार्शेनबेक व्याह्यांसमोर ठेवायला हवं होतं. बाबांनी ते पंक्तीत सगळ्यांत थोरल्या सातिनबाय आजोबांना दिलं. मग वयाप्रमाणे खाली येत गेले. तुझे सासरे पन्नाशीतले, त्या ओळीत सगळ्यांत लहान. त्यांच्या वाट्याला पुढच्या पायाची नळी आली, जी पोरांना देतात.

सकाळच्या नियमाने एकही हाड चुकलं नव्हतं. मी काल बसून पुन्हा एकेक माणूस आठवला. एकही नाही.

परत येताना बूमची घळ लागली. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुरी धुतली होती मी. डोकं धुवायचं राहिलं."

तुझं लग्न त्यांना तलासमध्ये नको होतं, म्हणून त्यांनी भर पंक्तीत व्याह्यांचा अपमान केला, असं तू तीन वर्षं धरून चालली आहेस. आम्हीही तसंच समजत होतो. ते खरं नव्हतं असं आता मला वाटतं. तुझा मुलगा चालायला लागला तेव्हा रीतीप्रमाणे त्याच्या पायांना बांधलेली दोरी कापायला आजोळचं कुणी नव्हतं. ते परत येणार नाही. पण पुढचं अजून व्हायचं आहे.

तुझी,
साल्तानात वहिनी


कोचकोर, १७ नोव्हेंबर

बुरुल,

जेनिशने निरोप दिला. तुझ्या आवाजात दिला, हातवारे करून. तू फाटकातच पत्र वाचलंस, त्याला आत बोलावलं नाहीस, आणि म्हणालीस, "वहिनींना सांग, हाड वयाने दिलं असेल. मग तोंड कुणी उघडलं? ते वाक्य पत्रात कुठे गेलं?"

आणि मग घेवड्याचं एक पोतं त्याच्या गाडीत टाकलंस. "मुलांसाठी आहे, म्हाताऱ्यासाठी नाही." हेही त्याने सांगितलं, बाबांच्या समोर. जेनिशला अक्कल कधी येणार देव जाणे. बाबांनी पोत्याची गाठ चाचपली आणि म्हणाले, "चांगला सुकवलाय." दोन दिवस आम्ही तोच शिजवतोय आणि ते खातायत.

ते वाक्य मी मुद्दाम गाळलं होतं. तुला भिंतीपलीकडून ऐकू गेलं असेल हे मला माहीत होतं, तरी गाळलं. वाटलं, डॉक्टरांचं वाचून तुझं मन वितळलं की उरलेलं पुढे कधीतरी. तू बरोबर बोट ठेवलंस.

तर लिहिते. शार्शेनबेक व्याही ताटाकडे बघून उठले नाहीत लगेच. तुझ्या घरी कुणी ते वेगळं सांगत असेल तर मी पाहिलंय ते हे: त्यांनी ते हाड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि शांतपणे विचारलं, "व्याही, हे माझ्याकडे चुकून आलं का?"

एवढा सभ्य प्रश्न मी कुठल्या पंक्तीत ऐकला नाही. त्यांनी दार उघडून धरलं होतं. बाबांनी फक्त हो म्हणायचं होतं. हसून ताटं बदलली असती, सातिनबाय आजोबा दोन शिव्या घालून मोकळे झाले असते.

बाबा म्हणाले, "तोक्तोसुनचा हात चुकत नाही."

"मग आम्हीच चुकून आलो," व्याही म्हणाले आणि उठले.

तुझा निरोप आला त्या दिवशी रिसबेक अंगणात कोळसा फोडत होता. त्याने हातोडा टाकला आणि बाबांपुढे उभा राहिला. मी सून, मला विचारता आलं नसतं, त्याने विचारलं. मी खिडकीत होते.

"तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?"

"काय?"

"मेंदूबिंदू पुरे झालं, बाबा. व्याह्यांनी विचारलं तेव्हा कळलं होतं का, हाड चुकलंय म्हणून?"

बाबा म्हणाले, "कळलं होतं. त्याने हातात धरलं, आणि कळलं."

"मग?"

"मग काय मग! सगळी भावकी बसलेली. त्यांच्यासमोर म्हणू की म्हाताऱ्याला आता सकाळ-संध्याकाळ कळत नाही? उद्या कुणी सुरी हातात दिली असती? दुष्ट म्हणाले तर म्हणू दे, असं वाटलं. दुष्टाला निदान घाबरतात."

"म्हणून पोरगी घालवलीत."

"मला वाटलं, रुसवा आहे, वर्षभरात उतरेल. म्हातारपण उतरत नाही ना रे."

रिसबेक म्हणाला, "डॉक्टरीण बाई सोयीच्या मिळाल्या तुम्हाला." फार लागेल असं बोलला. बाबा खाली वाकून कोळशाचे तुकडे गोळा करायला लागले, आणि मग रिसबेकही वाकला.

मी चोल्पोनना फोन करून सरळ विचारलं: त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात काय झालं ते तुमचं यंत्र सांगेल का? त्या म्हणाल्या, "नाही. तीन वर्षांपूर्वीच्या एका ताटाबद्दल कुठलंच चित्र काही सांगत नाही, ताई. अशी चूक होऊ शकते, एवढंच मी म्हणेन. झाली की केली, ते त्यांनाच ठाऊक." त्यांनी खोटा आधार दिला नाही, याचा मला आधी राग आला.

तेव्हा मागच्या पत्रात मी तुला जे अर्धं सांगितलं ते असं पूर्ण कर. हाड वयाने दिलं. वाक्य त्यांनी दिलं. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि पाण्याचं भांडं हातात घेऊन मी उभी राहिले.

साल्तानात


कोचकोर, २६ नोव्हेंबर

बुरुल,

तुझा काही निरोप नाही. मी विचारलेलंही नाही. तरी जेनिश उद्या निघतोय, आणि काल इथे जे झालं ते गावातून तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोहोचेल, त्याआधी माझ्याकडून कळावं.

गावातल्या आसाकच्या नातवाचं लग्न झालं. नवे व्याही इस्सिक-कुलच्या काठचे, पहिल्यांदाच येत होते. आसाक नेहमीप्रमाणे बाबांना बोलवायला आला: "तोक्तोसुन आके, सुरी तुमच्याकडेच." तुला माहीत आहे, तू गेल्यानंतरही गावाने त्यांच्या हातून सुरी काढून घेतली नव्हती. त्या संध्याकाळचा अर्थ सगळ्यांनी हाच लावला होता की म्हातारा ताठ आहे. ताठपणाला आपल्याकडे मान आहे. बाबांना जे वाचवायचं होतं ते वाचलं होतं.

मला वाटलं, या वेळी नाही म्हणतील. म्हणाले, "येतो."

मांस शिजून परातीत आलं. हात धुऊन झाले. बाबांनी सुरी घेतली, पंक्तीवर नजर फिरवली, आणि थांबले. सुरी हवेत. आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग गेलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "काय झालं आके, मेंढी अजून श्वास घेतेय का?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "नाही रे, ते व्याह्यांचे दात मोजतायत." पुन्हा हशा. रिसबेकच्या मानेवर घाम आलेला मला दारातून दिसत होता.

बाबांनी सुरी खाली ठेवली. म्हणाले, "जरा गप्प बसा. तुम्ही बोलताय तोवर मला विचार करता येत नाही. आजचं जेवण कुणाच्या मानाचं, ते एकाने मोठ्याने सांगा."

पुन्हा कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. आसाक गोंधळला. "आके, व्याह्यांच्या मानाचं. तुम्हाला माहीतच आहे की."

"माहीत आहे. पण सांगावं लागतं. पुन्हा सांग."

"व्याह्यांच्या मानाचं."

मग त्यांनी वाटलं. हळू वाटलं, मांस निवलं थोडं. जाम्बाश नव्या व्याह्यांना, मागोमाग त्यांच्याबरोबरच्या मंडळींना, आणि घरचे सगळे त्यानंतर. एकही हाड चुकलं नाही. शेवटचं ताट गेल्यावर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी असंच विचारायला हवं होतं. विचारलं नाही आणि हात चुकला. शार्शेनबेकने चूक दाखवली तर मी ती गिळली. तुम्ही सगळे साक्षीला होता, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय." आणि सुरी रिसबेककडे सरकवली. "पुढच्या वेळी हा वाटेल. हाडं मी शिकवीन."

रिसबेकला खांदा आणि मांडी वेगळी ओळखता येत नाही हे तुलाही माहीत आहे. आज सकाळपासून अंगणात धडे चालू आहेत. "हे काय?" "नळी." "कुठली?" "...मेंढीची." बाबा कपाळावर हात मारतात.

पंक्तीत त्यानंतर फार वेळ शांतता होती, असं काही समजू नकोस. इस्सिक-कुलवाल्यांना कशाचाच पत्ता नव्हता, ते जेवायला लागले. पण बायकांच्या बाजूला अनिपा आजी तोंडातला घास बाजूला करून जे बोलल्या ते मला रात्रभर पुरलं. म्हणाल्या, "आता कळलं होय तुम्हाला? शाकिन होती तोवर ती परातीपाशी बसून त्याच्या कानात सांगायची. 'आता व्याही', 'आता लेकीकडचे'. वाटायचं, नवरा-बायको गुलूगुलू बोलतायत. हसायचो आम्ही."

बुरुल, आईंना मीही तिथे बसलेलं पाहिलंय. परात धरायला बसतात, असं मला वाटायचं. त्यांनी ते कधीपासून सुरू केलं असेल? त्यांना दिसलं असेल का काही, आमच्यापैकी कुणालाही दिसण्याच्या कितीतरी आधी? त्या कुणाला बोलल्या नाहीत. कदाचित बाबांनाही नाही. त्या गेल्या, आणि ती जागा रिकामी राहिली. तुझ्या व्याहीभोजनाच्या दिवशी तिथे मी बसले असते, निदान तू बसली असतीस. पण आपल्याला त्या जागेला काही काम आहे हेच माहीत नव्हतं. मी याला माझा अपराध म्हणत नाही. पण ही खंत जाण्यातली नाही.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "जेनिश तलासला कधी निघतो?" मी म्हटलं, तीन दिवसांनी. ते त्याच्या गाडीत बसून निघण्याआधी हे तुझ्या हाती पडावं, म्हणून मी आज त्यांना न सांगता जेनिशला एक दिवस आधी निघायला लावलं.

साल्तानात


कोचकोर, ५ डिसेंबर

बुरुल,

शार्शेनबेक व्याह्यांचा फोन आला होता, तुला त्यांनी सांगितलं की नाही मला माहीत नाही. रिसबेकशी बोलले. आसाकच्या घरची हकिगत त्यांच्यापर्यंत गेली होती. आपल्या देशात रस्ते बंद होतात, बातमी बंद होत नाही. बाबांनी रिसबेककरवी निरोप ठेवला होता की जुन्या रीतीप्रमाणे अपराधाचा घोडा आणि झगा घेऊन येतो. व्याही म्हणाले, "घोडा आणू नका. घोडा आणला तर मला वाटेल फेड करून मोकळं व्हायला आलेत. माणूस येऊ दे."

बाबा चिडले. "रीत आहे ती! रिकाम्या हातांनी जाऊ?" रिसबेक म्हणाला, "त्यांच्या दारात त्यांचा नियम, बाबा." हे त्यांना पटलं, का कोण जाणे. झगा मात्र नेणारच आहेत. मी शिवलाय, काळ्या मखमलीचा. तुझ्या सासऱ्यांचे खांदे आठवून मापला, कमीजास्त असेल तर तू बघ.

तू फोन उचलत नाहीस. तेव्हा तुझ्या संमतीशिवायच निघतोय आम्ही. तुझे सासरे हो म्हणालेत, तू नाही. ते मी बाबांना सांगितलं आहे. म्हणाले, "ती उंबऱ्यातून परत पाठवू शकते. तिला तेवढा हक्क आहे." मग म्हणाले, "पोराला काय आवडतं?" मला सांगता आलं नाही. तुझ्या मुलाला काय आवडतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, बुरुल.

बाबांची तब्येत तशी उत्तम आहे. परवा छपरावर चढून पत्रा ठोकला. पण तू तीन वर्षांनी त्यांना बघणार, म्हणून आधीच लिहिते. तू आठवतेस त्यापेक्षा हळू बोलतात. मध्ये थांबतात. टीव्ही चालू असेल आणि कुणी प्रश्न विचारला तर ऐकूच आलं नाही असं बसतात; मी तीन वर्षं त्याला हट्ट समजत होते. चोल्पोन म्हणाल्या, त्यांना ऐकू येतं, पण एक सोडून दुसरं धरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कुणी देत नाही. आता आम्ही घरात एक एक जण बोलतो. जेवण लांबतं. मुलांना गंमत वाटते, बोलायच्या आधी हात वर करतात. बाबा त्यांना म्हणतात, "शाळा आहे का ही?" पण त्यांना बरं वाटतं, ते दिसतं.

काय बोलायचं ते पाठ करून घ्या, असं रिसबेक त्यांना म्हणत होता. मी नको म्हटलं. पाठ केलेलं मध्ये कुणी तोडलं तर त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि ते तुझ्या सासरी, तुझ्या सासूबाईंसमोर. त्यापेक्षा तिथे बसून, तिथल्या माणसांकडे बघून जे येईल ते येऊ दे. काय येईल ते मला माहीत नाही. ते माफी मागतील असं मी तुला लिहून देऊ शकत नाही. त्यांनी तो शब्द आयुष्यात वापरलेला मी ऐकलेला नाही. आसाककडेही वापरला नव्हता.

हे पत्र घेऊन जेनिश उद्याच पुढे येतोय; आम्ही शनिवारी पहाटे निघू. बिश्केकहून पुढे जेनिशच्याच गाडीने. तोओ-आशूच्या खिंडीत गुरुवारी बर्फ पडला, बोगद्याशी गाड्या अडकल्या होत्या. काल सोडल्या म्हणे. खिंड उघडी असेल तर दुपारच्या जेवणाच्या सुमाराला तुमच्या फाटकाशी असू. बंद असेल तर त्याच गाडीत बसून राहू, परत फिरणार नाही, असं बाबांनी जेनिशला बजावलंय. जेनिश म्हणाला, "आके, गोठून मेलात तर?" "मग तलासच्या बाजूला उतरव."

पोहोचल्यावर एवढं कर. टीव्ही बंद ठेव. मुलाला लगेच त्यांच्या मांडीवर देऊ नकोस, दिसू दे आधी. तुझ्या सासूबाईंना सांग, प्रवास कसा झाला, तब्येत कशी, आणि पोरं कशी, हे सगळं एका दमात विचारू नका. तू समोर बसलंच पाहिजेस असं नाही. ते एक वाक्य बोलायला लागतील, आणि ते लांब असेल, आणि मध्ये कुठेतरी थांबेल. थांबलं म्हणजे संपलं असं कुणी समजेल, आणि तू पाहुण्यांपुढे पेले सरकवायला लागशील, सवयीने. बुरुल, ते वाक्य पूर्ण होईपर्यंत चहा ओतू नकोस.

साल्तानात